टेकाडाआड जाईपर्यंत

सोमनाथने वळकटी जीपमध्ये टाकली, तेव्हा त्याच्या वडिलांनी, बंकटआबांनी, सकाळपासून सहाव्यांदा तोच प्रश्न विचारला.

“मंग त्याच्या आदी काय व्हतं?”

“काहीच नव्हतं, आबा!”

“काहीच न्हाई म्हंजी? बसायपुरती जागा तरी आसंल.”

“जागा नव्हती. वेळही नव्हता. आणि आता मलाही नाही!”

म्हाताऱ्याने आज नुसते नाकी नऊ आणले होते. बारा वर्षं सोमनाथ अंबाजोगाईच्या कॉलेजात विश्वाची उत्पत्ती शिकवत होता. तू तिथं शिकवतोस तरी काय, एवढंही आबांनी कधी विचारलं नव्हतं. आणि आज, मेंढ्या निघायच्या वेळी, हे भलतंच!

आबांचे गुडघे गेले होते. म्हणून कळप विकायचा आणि त्यांना अंबाजोगाईला न्यायचं ठरलं होतं. गेल्या महिन्यात घेणारा तानाजी कळप घेऊन निघालाही होता. तो टेकाडावर पोचला आणि आबांच्या तोंडून सवयीने हाळी गेली. झालं! सगळ्या मेंढ्या गर्रकन फिरून परत दारात. सोमनाथची रजा फुकट गेली.

आज तानाजीने आधीच हात जोडले.

“आबा, टेकाडाआड जाईस्तोर तेवढी हाळी देऊ नका. एक फिरली की समद्या फिरत्यात.”

“न्हाई देत,” आबा म्हणाले. कळप हलला तसे ते लगेच सोमनाथकडे वळले. “बरं, ते फुटलं कावून?”

“फुटलं नाही. पसरलं.”

“कुनी हाकललं?”

“कुणी नाही, आपोआप!”

“आन् तारे? पानी कुटून आलं? पयला उजेड का पयला अंधार?”

एकाही उत्तराकडे त्यांचं लक्ष नव्हतं. सोमनाथचं डोकं फिरलं.

“ऐकायचंच नसेल तर विचारता कशाला?”

“तू सांग. थांबू नगंस.”

सोमनाथ चिडून वळला. आबा त्याच्याकडे बघतच नव्हते. त्यांची नजर टेकाडावर होती, आणि एक प्रश्न संपून दुसरा सुचेपर्यंत ते पटक्याचं टोक दातांत घट्ट धरत होते.

सोमनाथचा राग जागच्या जागी विरला. तो घाईघाईने सांगू लागला, उजेडाचं, ताऱ्यांचं, जे आठवेल ते.

माथ्यावर शेवटची मेंढी थांबली. तिने मान वळवून मागे पाहिलं.

“ते पसरल्यालं,” आबांचा आवाज चिरकला, “माघारी येतंय का रं?”

“नाही, आबा. लांब लांबच जात राहतं.”

मेंढी पलीकडे उतरली. म्होरक्या मेंढ्याच्या गळ्यातली घंटा ऐकू येईनाशी झाली, तसे आबा गुडघा धरत जीपमध्ये चढले.

वाटेतलं पाटोदा मागे पडलं तरी त्यांनी पुढचा प्रश्न विचारला नाही. शेवटी सोमनाथनेच गाडीचा वेग कमी केला, आणि कुणी न विचारता, विश्वाचं सगळं अगदी पहिल्यापासून सांगायला घेतलं.