फळ्या वरच ठेव

“ते टेबल खाली ठेव,” ग्लाफिरा म्हणाली.

“घडीचं आहे मावशी. हलकं आहे,” राइवो म्हणाला. तो आणि त्याचा मेहुणा तोनिस उजाडायच्या आत गोठलेल्या तलावावर मासे धरायला शहरातून गाडी भरून आले होते. बर्फाला भोक पाडायची दोन गिरमिटं, तंबू, गॅसची शेगडी, बसायच्या पेट्या आणि वर चार खुर्च्या.

“माणसं दोन आणि खुर्च्या चार?”

“बायका येणार होत्या. आयत्या वेळी नको म्हणाल्या.”

“शहाण्या आहेत.”

अंगणात पालथ्या बादलीवर बसलेला तिचा नवरा तेरेंती खो खो हसला. “घे गं, घे. पाहुण्याला कुणी नाही म्हणतं का? खुर्च्या उलट्या घाल. जड सामान पुढे. फळ्या सगळ्यात वर. दोर खालून घे. अगं, खालून म्हटलं मी!”

“तोंडानं सामान चढत असतं ना, तर आत्तापर्यंत आपण तलावाच्या मध्यावर असतो.”

तेरेंतीने उभा जन्म गळ टाकणाऱ्यांना बर्फावरून नेण्या-आणण्यात घातला होता. जुन्या मोटारीचं इंजिन आणि ट्रकच्या फुगवलेल्या ट्यूबांची चाकं लावून त्याने ही कराकात स्वतःच्या हाताने बनवली होती. मागे सामानाची लाकडी घसरगाडी, आणि बर्फाला भेग पडलीच तर तिच्यावर टाकायला लांब फळ्या. शरद ऋतूत ती चालवता चालवता त्याला भोवळ आली आणि तो शेजाऱ्याच्या कांद्याच्या कोठारात घुसला. माणूस वाचला, कांदेही बरेचसे वाचले. पण डॉक्टरने त्याचं गाडी चालवणं बंद केलं. तेव्हापासून ग्लाफिरा चालवत होती. एकसष्टाव्या वर्षी ती हे शिकली, आणि शिकण्यातलं अर्धं म्हणजे बोलणी खाणं. अजूनही प्रत्येक फेरीला तो तिच्या मागच्या बाकावर बसायचा आणि तिच्या कानात ओरडायचा. डावीकडे घे. हळू. ब्रेक नको, ब्रेक नको!

खुर्च्या आणि टेबल चढल्यावर ढीग इतका उंच झाला की फळ्या वरून घसरायला लागल्या. दोनदा चढवल्या, दोनदा पडल्या. तिसऱ्यांदा ग्लाफिराने त्या ओढल्या, खालचं सामान उचलायला लावलं आणि थेट तळाशी कोंबल्या.

“ग्लाशा, फळ्या वर!” तेरेंती तिला घरच्या नावाने ओरडला.

“या हिवाळ्यात एकदा तरी लागल्या का?”

“लागतात तेव्हा—”

“घे घे कोण म्हणालं? तूच ना? मग गप बस आता.”

किनारा मागे पडला. काठाजवळची लव्हाळ्याची बेटं गेली, मग नुसता पांढरा पसारा. बऱ्याच वेळाने तिने गाडी थांबवली. समोर बर्फाला आडवी भेग गेली होती. आदल्या दिवशी तिथे काही नव्हतं. आता हातभर रुंद काळं पाणी होतं आणि दोन्ही टोकं नजरेत येत नव्हती. कराकातच्या फुगीर चाकांनी ती सहज ओलांडली असती. घसरगाडी मात्र फळ्यांशिवाय नाकावर आपटून पाण्यात गेली असती.

फळ्या तळाशी होत्या.

‘मी सांगत नव्हतो?’ एवढं तेरेंती म्हणाला असता, तरी तिला भांडता आलं असतं. तिने दोर सोडला आणि तंबू खाली फेकला. पेटी फेकली. राइवो आणि तोनिस खुर्च्या उतरवायला लागले.

“जरा जपून, मावशी, शेगडी आहे ती.”

“शेगडी आहे ते दिसतंय मला!”

तेवढ्यात तेरेंती बाकावरून उतरला. त्याने टेबल ओढलं. ते अडकलं होतं. त्याने जोर लावला, टेबल सुटलं, तो मागे गेला आणि त्याचा डावा पाय गुडघ्यापर्यंत भेगेत गेला. ग्लाफिराने झडप घालून त्याची कॉलर धरली आणि पोतं ओढावं तसं त्याला बर्फावर ओढलं.

“घरी बसायला काय होतं रे तुला?” तिचा आवाज चिरकला. “माझ्या गाडीवर सामान कमी आहे, म्हणून तुलाही वाहू का मी?”

राइवो आणि तोनिस खाली बर्फाकडे बघत राहिले.

तिने त्याचा बूट उपसून काढला, पाणी ओतलं, मोजा पिळला. मग डोक्यावरची लोकरी शाल सोडली. आत पातळ रुमाल होता, पण परक्या पुरुषांसमोर ती शाल कधी सोडत नसे. ती त्याच्या पायाला घट्ट गुंडाळली.

“तेरेंती कार्पिच,” राइवोने आदराने, वडिलांच्या नावासकट हाक मारून हळूच विचारलं, “आता काय करायचं? मासे तर पलीकडे आहेत.”

तेरेंतीने पायाच्या गाठोड्याकडे पाहिलं. “मला काय विचारता?” तो म्हणाला. “गाडी ती चालवते.”

ओल्या पायाच्या माणसाला पुढे न्यायचं नव्हतं. सामान पुन्हा चढवून तिने गाडी मागे वळवली. दोघांना काठाजवळ उतरवलं. त्यांना बोटाएवढे मासे मिळाले आणि ते दिवसभर कुरकुरले. घरी परतताना तेरेंती अवाक्षर बोलला नाही. लव्हाळ्याच्या बेटाजवळ तिने मुद्दाम उजवीकडे, नको तेवढं लांबून वळण घेतलं. तरी नाही.

पुढच्या शनिवारी पाय बरा होता. गावचे निवृत्त मास्तर अंगणात येऊन थांबले होते. त्यांचं सामान म्हणजे एक पेटी आणि एक गिरमिट. तेरेंती चुलीपाशी मासे साफ करत बसला होता.

“चल ना,” ग्लाफिरा दारातून म्हणाली. “मास्तर खोळंबलेत.”

“बर्फ पातळ झालाय. एक माणूस कमी बरा.”

“आज वजन कुठंय? हवं तर ये आणि सामान बघ, नीट बांधलंय का.”

“बांधलं असशील.”

“अरे, मी रागात बोलले.”

“हो.” त्याने माशाचं पोट चिरलं. “पण खोटं नाही बोललीस. जा, उजेड वाया घालवू नको. आणि दार लाव, गार येतंय.”

तिने दार आपटलं.

तलावावर ऊन पडलं होतं. मास्तर मागच्या बाकावर मान कॉलरमध्ये घालून बसले होते. बेटं जवळ आली, पातळ बर्फ करडा दिसायला लागला, तशी ग्लाफिरा मान न वळवता ओरडली,

“कळतंय मला, डावीकडे! दर वेळी कशाला सांगायला हवं?”

मास्तर पुढे वाकले. “मी काहीच बोललो नाही, ग्लाफिरा.”

इंजिनाच्या आवाजात ऐकू आलं नाही असं दाखवून तिने गाडी डावीकडे घेतली.