तीन दिवसांत पावशेर

माझा स्वभाव संशयी आहे आणि पगार मला त्याचाच मिळतो. शहापूरच्या एका संस्थेत मी आरोग्यावरचे अभ्यास वाचते. कुठल्या देशात, किती बाळांवर, कशी तपासणी झाली ते बघायचं, फुगवलेलं बाजूला काढायचं आणि उरलेलं आशाताईंना, म्हणजे गावोगावच्या आरोग्यसेविकांना, घरभेटीत वापरता येईल असं सोप्या मराठीत एका पानावर उतरवायचं. ते पान शहापूर आणि मुरबाड, दोन्ही तालुक्यांत जातं.

नोव्हेंबरात आलेले आकडे चाळताना डोळखांबकडच्या एका पाड्यावर माझं बोट थांबलं. रुग्णालयात जन्मलेलं बाळ दोन किलो तीनशे. तिसऱ्या दिवशी घरी तेच बाळ दोन किलो साडेपाचशे. त्याच्या खालचंही तसंच, त्याच्या खालचंही. जगभरातली बाळं पहिल्या तीन दिवसांत थोडी उतरतात, मग हळूहळू भरतात. या पाड्यावरची मात्र तीन दिवसांत पावशेर वाढत होती! आशाताईंच्या काट्यावर रंगाचे पट्टे असतात. हिरवा म्हणजे बाळ ठीक, पिवळा म्हणजे फेऱ्या वाढवा, लाल म्हणजे थेट रुग्णालय. इथे वर्षभरात एकही लाल नव्हतं.

म्हणजे इथली आशाताई पाड्यावर जातच नाही, घरी बसून आकडे भरते, असं मी ठरवून टाकलं. संजीवनी तिचं नाव. मी तिला न कळवताच निघाले. कळवलं असतं तर तिनं सारवासारव केली असती.

डोळखांबला जीपमधून उतरून पाऊण तास चालले. संजीवनी घरी नव्हती. ती ताराबाईंकडे गेली आहे, त्यांच्या सुनेला, सावळीला, मुलगी झाली आहे, असं शेजारणीनं सांगितलं. मला त्याचाही संशय आला. आपण येतोय हे हिला कळलं की काय?

पण संजीवनी खरंच तिथे होती. साबणानं धुतलेले हात वर धरून वाळवत उभी होती, अगदी माझ्या पानावर लिहिलंय तशी. चोर सापडण्याऐवजी शहाणं पोर सापडलं म्हणून मला उलट रागच आला.

"वजन करा," मी म्हटलं. "माझ्यासमोर."

सावळीनं गोधडीत गुंडाळलेली मुलगी दिली. संजीवनीनं ती गोधडीसकट झोळीत ठेवली आणि काटा उचलला. दोन किलो दीडशे. पिवळा. रुग्णालयातल्या कागदावर दोन किलो शंभर होतं आणि आज तिसरा दिवस.

"लय शांत पोर हाय बाई," ताराबाई कौतुकानं म्हणाल्या. "रडत नाय का काय नाय. प्याया पण उठवाया लागतं."

तीन दिवसांचं लहानखुरं बाळ शांत असणं ही चांगली खूण नव्हे.

मी रिकामी झोळी टांगून पाहिली, काटा शून्यावर. गोधडी वेगळी तोलली होती, तिचं वजन संजीवनी वजा करतच होती. मग बाळाच्या पाठीखाली हात घातला आणि बोटांना काहीतरी कडक लागलं. मी ते बाहेर ओढणार तोच ताराबाई ओरडल्या, "त्याला हात नका लावू!"

फडक्यात बांधलेला, नांगराच्या फाळाचा तुटका तुकडा होता.

"सव्वा महिना पोराला लोखंडाबिगर ठेवीत नाय आमी," ताराबाई म्हणाल्या. "घटकाभर पण नाय."

मी संजीवनीवर उखडले. "तुम्हाला एवढं कळत नाही? पावशेर लोखंड बाळाच्या नावावर मांडताय!"

तिनं पिशवीतून प्लास्टिकमध्ये जपून ठेवलेलं एक पान काढलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. पान माझंच होतं. 'बाळाजवळ लोखंड ठेवणे ही निरुपद्रवी रूढी आहे. ते कधीही काढायला लावू नये.' कधीही हा शब्द मी ठळक केला होता. आधी आशाताई लोखंड फेकायला सांगत आणि घरं त्यांना दार बंद करत. म्हणून मी सहा अभ्यास वाचून ती ओळ लिहिली होती. बैठकीत तिचं कौतुकही झालं होतं. वजन करताना काय करायचं, हे मात्र मला सुचलंच नव्हतं.

"मी पयल्यांदा काढाया सांगत व्हते, मॅडम," संजीवनी म्हणाली. "मंग तुमचा कागद आला. म्हटलं, शिकलेल्या मानसांनी इचार करूनच लिवलं आसंल."

मला तिच्याकडे बघवेना. शरमेनं माझे कान तापले होते.

"आजी," मी ताराबाईंना विचारलं, "लोखंड झोळीतच पाहिजे का?"

"जवळ पायजे. झोळीतच पायजे आसं कोन म्हटलं?" त्यांनी फाळ घेतला आणि झोळीच्या बाजूला, न टेकवता, हातात धरून उभ्या राहिल्या. इतकं सोपं होतं. आजवर कोणी विचारलंच नव्हतं.

एक किलो नऊशे. लाल.

"काटा तोच, पोर तीच," ताराबाईंचे डोळे बारीक झाले. "मंग घटकेत लाल कशी झाली? तुमचं खरं कंचं मानायचं?"

"कागद चुकला, आजी. मीच लिहिलाय तो. मुलीला आत्ता न्यायला पाहिजे."

ताराबाई हलल्या नाहीत. सावळीच उठली. तिनं मुलीला पदराआड उघड्या छातीशी घेतलं, सासूच्या हातातला फाळ कमरेला खोचला आणि चालायला लागली.

शहापूरच्या रुग्णालयात मुलीला लगेच आत घेतलं. तिच्या रक्तातली साखर फार उतरली होती. संध्याकाळी डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलंत, आता ओढून पिते आहे. मी बाकावर बसले.

संजीवनी बाजूला बसली होती. तिनं वही उघडून माझ्यापुढे धरली.

"ही चांगोची पोर. आषाढातली. सातव्या दिवशी दोन किलो शंभर लिवलंय मी. पिवळा. इसाव्या दिवशी गेली." तिनं त्या ओळीवर बोट ठेवलं. "तिच्या झोळीत पन फाळ व्हता."

वजाबाकी सोपी होती. ती तिनं आधीच केली होती, तिला फक्त माझ्या तोंडून ऐकायचं होतं.

"लाल ना, मॅडम?"

अभ्यासाच्या भाषेत सांगायचं तर एका बाळावरून काही सिद्ध होत नाही. तसं म्हणणं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं.

"लाल," मी म्हटलं. "आणि चूक तुमची नाही, माझी आहे."

तिनं वही मिटली. "चांगोची बायको मलाच इचारते, संजे, तू तर बरी हाय म्हटलीस. तिला कोन सांगंल?"

"मी सांगेन. येत्या आठवड्यात येते."

तिनं माझ्याकडे निरखून पाहिलं. 'येत्या आठवड्यात येतो' म्हणून गेलेल्या आमच्या संस्थेच्या गाड्या किती वेळा परत येतात, हे तिला चांगलं ठाऊक होतं.

"डोळखांबची शेवटची जीप हाय आत्ता," ती उठत म्हणाली. "चला."