चार तासांनी उठणारं पित्त

भाऊंच्या मटणाच्या दुकानात मसाला लावलेल्या खिम्याला मोठी मागणी होती. रोज अकरा वाजता त्यातली लहानशी गोळी तव्यावर परतून भाऊ तोंडात टाकत, डोळे मिटत, आणि त्यांची मान हलली की मगच खिमा काचेच्या कपाटात जाई. सव्वीस वर्षं हा नेम चुकला नव्हता.

एकदा ते मेंढ्या बघायला कुरणावर गेले. घरी आले तर घोट्याला गोचीड चिकटलेली. बायकोने चिमट्याने ओढून काढली. तिथली खाज तीन आठवडे गेली नाही, पण जनावरांत वावरणाऱ्याला गोचिडीचं काय अप्रूप! भाऊंनी तिकडे काणाडोळा केला.

दीड महिन्याने दुपारी तीनच्या सुमाराला अंगावर पित्त उठू लागलं. पोटावर, मांड्यांवर लालभडक चट्टे. दोन-तीन तास छळून आपोआप विरून जात. भाऊंनी साबण बदलला, बनियन बदलले, मग वांगं सोडलं.

"आता मला सोडून बघा," बायको म्हणाली, "म्हणजे सगळंच तपासून होईल."

तिच्या लक्षात मात्र एक गोष्ट आली होती. "अहो, दुकान बंद असतं त्या दिवशी तुम्हाला काही होत नाही."

"म्हणजे मला कामाची ॲलर्जी आहे म्हण की," भाऊ हसले आणि विषय तिथेच सोडून दिला.

मग एका दुपारी मेहुणा जेवायला आला. भाऊंनी चरबीचे तुकडे वेचून वेचून भरपेट मटण खाल्लं. चारच्या पुढे गिऱ्हाइकासाठी बरगडीच्या चापा तोडत असताना तळहात खाजू लागले. ओठ जड झाले. सुरा खाली ठेवेपर्यंत घशात बोळा कोंबल्यासारखं झालं. शेजारच्या शिंप्याने कात्री टाकून त्यांना गाडीत घातलं आणि दवाखाना गाठला. मांडीत इंजेक्शन बसलं, तेव्हा कुठे श्वास मोकळा झाला.

डॉक्टरीण मुलीच्या वयाची होती. "काका, दुपारी काय जेवलात?"

"मटण. पण त्याला चार तास झाले. आणि मटण मी जन्मभर खातोय."

"मधल्या काळात गोचीड चावली होती का?"

भाऊ चपापले. "दोनेक महिने झाले असतील. त्याचा इथे काय संबंध?"

"गोचिडीच्या लाळेत एक साखर असते. ती रक्तात गेली की कुणाकुणाचं शरीर तिच्याशी वैर धरतं. तीच साखर मेंढी, बकरी, गाय, डुक्कर यांच्या मांसात असते, चरबीत तर जास्तच. ती पचून रक्तात यायला काही तास लागतात, म्हणून उशिरा त्रास होतो. कोंबडी, मासे यांत ती नसते."

रक्ताच्या तपासणीत तेच निघालं. मटण बंद, इंजेक्शन कायम खिशात, आणि कुरणात जायचंच तर पायमोजे विजारीवर ओढून. पुन्हा गोचीड चावली नाही तर काही वर्षांत हे ओसरेलही, पण खात्री नाही, असं तिने सांगितलं.

घरी आल्यावर भाऊंनी तपासणीचा कागद बायकोपुढे ठेवला. "लोक काय म्हणतील? मटणवाल्यालाच मटण चालत नाही."

"लोकांना तुम्ही विकलेलं चाललं म्हणजे झालं," बायको म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून चव घ्यायला तीच अकरा वाजता दुकानात येऊ लागली. पहिलीच गोळी खाऊन तिने तोंड वाकडं केलं. "मीठ फार आहे."

"सव्वीस वर्षं एवढंच आहे!"

"मग सव्वीस वर्षं फार आहे."

भाऊ फुरंगटले, पण मीठ कमी केलं. त्या आठवड्यात शिंप्याची आई दोनदा खिमा घेऊन गेली. "हल्ली हात बसलाय तुझा," ती म्हणाली. भाऊंनी खिमा बांधता बांधता गोचिडीपासून सगळं सांगितलं, आणि चव कुणाच्या जिभेची आहे तेही. ओट्यामागे बायको तवा घासत होती. तिने वर पाहिलं नाही, पण तव्यावरचा हात जरा थांबला.