निर्मलाबाईंच्या गुडघ्याएवढं

मित्रांनो, मी एक जुनं लाकडी स्टूल आहे. जुनं म्हणजे तसं सहाच वर्षांचं. पण रोज वीस-पंचवीस वेळा माझ्यावर बसणं-उठणं होतं, तेव्हा माझं वय तुम्हीच ठरवा. शहाद्याला लागून असलेल्या लोणखेड्यात, भटूभाऊंच्या स्वयंपाकघरात माझा मुक्काम असतो. रंग उडालाय, बैठकीला एक चीर गेलीय आणि स्वभाव जरा कुरकुरा आहे. तेवढं सांभाळून घ्या.

माझा जन्म उसाच्या कांडक्यावरून झाला. हसू नका, खरं तेच सांगतोय. भटूभाऊंच्या बायकोचे, म्हणजे निर्मलाबाईंचे, गुडघे आणि बोटांचे सांधे संधिवाताने धरले होते. डॉक्टरांनी सगळं तपासलं आणि स्पष्ट सांगितलं की हे दुखणं पुरतं जाणार नाही. गोळ्या चालू ठेवा, रोज थोडं चाला, आणि जमिनीवर बसणं तेवढं सोडा. बाई घरी आल्या. सगळा जन्म जमिनीवर बसून दळण निवडलेलं, भाकरी थापलेल्या. आता कुठे बसायचं?

भटूभाऊ बोलायला फार काटकसरी. दुसऱ्या दिवशी बाई दारात उभ्या असताना ते उसाचं कांडकं घेऊन आले, बाईंच्या गुडघ्याला लावलं, विळ्याने खाच केली आणि चालू लागले. बाई मागून विचारत राहिल्या की अहो, डोकं ठिकाणावर आहे का? भाऊ थेट सुताराकडे गेले. सुताराला वाटलं, स्वयंपाकघरात कुणी एवढं उंच घेऊन बसतं का, शेतकऱ्याचं माप चुकलं असणार. त्याने स्वतःची अक्कल चालवून माझे पाय अर्धे ठेवले. भाऊंनी कांडकं लावून बघितलं आणि मला परत त्याच्यापुढे ठेवलं. शेवटी सुताराने चारही पायांना खालून लाकडाचे तुकडे जोडले. त्यामुळे माझ्याही पायांत सांधे आहेत आणि पावसाळी हवेत तेही कुरकुरतात. बाईंचं आणि माझं जमलं ते बहुतेक त्यामुळेच.

दुखणं घेऊन जगायचं म्हणजे काय, ते मी त्यांच्याकडून शिकलो. सकाळी जाग आली तरी त्या लगेच उठत नाहीत. अंथरुणातच पाय लांब करतात, जवळ घेतात. मग माझ्यावर बसून कोमट पाण्याच्या पातेल्यात हात बुडवतात आणि मुठी उघडतात, मिटतात. बोटं सैल झाली की कामाला हात. परात उलट्या डब्यावर ठेवायची, म्हणजे वाकावं लागत नाही. चार भाकरी झाल्या की तवा उतरवायचा, घोटभर चहा घ्यायचा, मग पुढच्या चार. पाण्याचा हंडा गेला आणि दोन लहान कळशा आल्या. बरणीचं झाकण भाऊ सकाळीच सैल करून ठेवतात.

गल्लीतल्या बायका औषधं सांगायला येतात. कुणी निर्गुडीचा पाला आणते, कुणी एरंडाचं पान, एकीने तर तांब्याचं कडं दिलं. बाई सगळ्यांचं ऐकून घेतात, चहा देतात आणि गोळी मात्र डॉक्टरांचीच घेतात. एकदा एका शेजारणीने विचारलं की बाई, अजून दुखतंच का? तेव्हा त्या हसून म्हणाल्या होत्या, "हाई दुखनं घरजावाई शे. त्याले जेवाले वाढानं, पन किल्ल्या देवान्या नही." मला हे फार आवडलं. मी त्यांच्या जागी असतो तर तिला चांगलं खडसावलं असतं.

पण बाई काही देवता नव्हेत, त्यांच्याही चुका होतात. एका हिवाळ्यात ऊन छान पडलं, गुडघे हलके वाटले आणि बाईंना हाव सुटली. घरातल्या सगळ्या गोधड्या एका दिवसात धुऊन वाळत टाकल्या. मी अंगणात रिकामा उभा होतो, माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. पुढचे तीन दिवस त्या खाटेवरून उठू शकल्या नाहीत. तेव्हापासून बऱ्या दिवशीही काम अर्ध्यावर थांबवतात आणि मला जवळ ओढतात.

आता माझं दुःख सांगतो. घरात मी लाडका, पण चारचौघांत नकोसा. पाहुणे आले की बाई मला दाराआड सरकवत. कारण होत्या रंजनाबाई, त्यांची मोठी जाऊ. एका लग्नघरी सगळ्या बायका खाली बसून पापड लाटत होत्या आणि निर्मलाबाई खुर्चीवर टेकल्या. रंजनाबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "तू पाहुनी शे का, वर बसाले?" एवढंच. पण ते बाईंच्या मनाला फार लागलं. त्यानंतर त्या घराबाहेर कुठेही वर बसल्या नाहीत. बसणं जमणार नसेल तिथे जाणंच टाळू लागल्या. मित्रांनो, गुडघ्याने त्यांची वाट एवढी अडवली नव्हती, जेवढी त्या एका वाक्याने अडवली.

कानबाईचं मात्र टाळता येत नव्हतं. श्रावणात आमच्याकडे खानदेशात कानबाई, आमची कुळाची देवी, बसते. भाऊबंदांच्या घराघरातले गहू एकत्र दळायचे, सगळ्या सुनांनी मिळून त्या पिठाचे नैवेद्याचे रोट करायचे आणि ते भाऊबंदांनीच खायचे. हे सगळं थोरल्या घरी, म्हणजे रंजनाबाईंकडे. लग्न होऊन आल्यापासून तीस वर्षं रोटाची कणीक मळायची निर्मलाबाईंनी. गेल्या वर्षी त्या गोळी घेऊन दोन तास जमिनीवर बसल्या. उठताना दोघींनी काखेत हात घालून उचललं आणि पुढे आठ दिवस खाटेवर गेले. यंदा भाऊंनी एकदाच म्हणून बघितलं की स्टूल घेऊन जा. बाई म्हणाल्या की देवीच्या घरात मी उंच बसले तर बायका काय म्हणतील? न गेले तर माझी जागा जाईल, पुढच्या वर्षी मला कुणी बोलावणारही नाही. आणि मला तिथेच ठेवून त्या हळूहळू भिंत धरत निघून गेल्या.

भाऊ ओट्यावरून उठले, मला खांद्यावर घेतलं आणि भर गल्लीतून निघाले. लोक बघत होते. मला तर लाकडाचा असून घाम फुटायची वेळ आली. रोट चालले असतात तिथे पुरुष आत जात नाहीत. भाऊंनी मला उंबऱ्याच्या आत ठेवलं, म्हणाले, "हाई घर राही गयं," आणि मागे वळून निघून गेले.

आत दहा-बारा बायका होत्या. बाई खाली बसायच्या तयारीत, एक हात भिंतीला. समोर कानबाईचा चौरंग मांडला होता. अजून देवी बसायची होती. चौरंग वीतभर उंच आणि मी गुडघाभर. चुलत सासू म्हणाल्या, "देवीपेक्षा उंच कोनी बसस का?" त्या रागावून नव्हत्या बोलल्या, रीत म्हणून बोलल्या. बाईंचं तोंड उतरलं. त्या खाली वाकू लागल्या, आणि मला त्यांचे गुडघे कटकट वाजलेले ऐकू आले.

तेवढ्यात रंजनाबाई उठल्या. आता ही परत तसंच काही बोलणार, असं मला वाटलं. त्यांनी निर्मलाबाईंचा दंड धरला आणि सुनांना कोपऱ्यातली धान्याची पत्र्याची कोठी रिकामी करून आणायला सांगितलं. कोठी धुऊनपुसून मांडली, तिच्यावर नवं पातळ अंथरलं आणि चौरंग उचलून वर ठेवला. चौरंग आता बायकांच्या खांद्याएवढा झाला.

"कानबाईले वर बसाडा," रंजनाबाई म्हणाल्या. "निर्मला खाले बसनार नही."

चुलत सासूंनी एकदा वर बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि परात एका उलट्या डब्यावर ठेवून माझ्यासमोर सरकवली. बाई माझ्यावर बसल्या. पहिला गोळा मळताना त्यांचे अश्रू कणकेत पडायला नकोत म्हणून त्या सारखा पदर लावत होत्या. खरं सांगतो, त्या दिवशी मी एकदाही कुरकुरलो नाही.

कणीक निम्मी झाली तेव्हा रंजनाबाई जवळ येऊन उभ्या राहिल्या. अगदी हळू, बाईंनाच ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "मन्हीबी कंबर दुखी ऱ्हायनी, तीन वरीसपाईन. कोनले सांगं नही. मोठी शे ना मी."

निर्मलाबाईंनी हात पुसले, माझी कड धरून त्या उठल्या आणि जावेला माझ्यावर बसवलं. रंजनाबाई बसल्या आणि त्यांच्या तोंडून एक लांब उसासा निघाला. इतकी वर्षं ज्या बाईला मी घाबरत होतो, तिचं सगळं ओझं माझ्यावर आलं. ते फार जड होतं.

मित्रांनो, तुमच्या घरातही कुणी उठताना चौकट धरत असेल, कुणी "मी नाही येत, तुम्ही जा" असं हसून सांगत असेल. त्यांना अजून दुखतं का, असं रोज विचारू नका. त्यांच्या हातातलं काम काढून घेऊन त्यांना कोपऱ्यात बसवू नका. त्यांना बसता येईल एवढी उंच जागा सगळ्यांच्या मधोमध मांडा. आणि जो सगळ्यात ताठ उभा आहे, त्यालाही एकदा विचारा, जरा बसतोस का?