तिसरं मत

तो लिफ्ट दुरुस्त करायचा, ती चष्म्याच्या दुकानात काचा घासायची. दोघांचं सूत जुळलं तेच एका जुन्या गेमवरून. कमीत कमी वेळात तो गेम संपवायचा नाद दोघांनाही होता. अशा नादिष्टांचा एक ऑनलाइन गट होता आणि तिथल्या विक्रमांत कितीतरी वर्षं त्याचं नाव सगळ्यात वर होतं.

मग तिला ती युक्ती सापडली. गेममधली बोट कन्सोलच्या तारखेप्रमाणे दुसऱ्या दिवशीच धक्क्याला लागायची, म्हणून सगळे डोंगराला वळसा घालून धावायचे. तिने मधेच कन्सोलच्या सेटिंगमध्ये जाऊन घड्याळ एक दिवस पुढे ढकललं. परत आली तर बोट हजर. नवऱ्याचा विक्रम तिने असा मोडला की तोच टाळ्या वाजवत उठला.

गटात मात्र रण माजलं. कुणी म्हणे लबाडी. कुणी म्हणे घड्याळ कन्सोलचंच आहे, बाहेरून काय आणलं? निवाडा तीन पंचांनी करायचा होता. त्यातल्या दोन पंचांची मतं आमनेसामने पडली. तिसरा पंच हा.

इकडे आड, तिकडे विहीर. मान्य म्हणावं तर बायकोचा बैल ठरणार, अमान्य म्हणावं तर स्वतःचंच नाव पुन्हा वर येणार. 'मला वगळा,' असं त्याने कळवून पाहिलं. उत्तर आलं, तुम्हाला वगळलं तर मतं समसमान, म्हणजे युक्ती बाद.

जेवण झाल्यावर त्याने विचारलं, "तुला काय वाटतं?"

"मी सांगितलं तर ते माझं मत होईल." ती ताटं उचलत होती. "मी तुझी कुणी नाही असं समज आणि सांग."

"तसंच तर समजता येत नाही."

शेवटी मनाला पटलं तेच त्याने लिहिलं: मान्य. संध्याकाळपर्यंत गटात तिचं नवं नाव पडलं, 'पंचीणबाई'. तिने सगळं वाचलं. पुढे बरेच दिवस ती कन्सोलकडे फिरकली नाही. एका रविवारी मात्र तिने कंट्रोलर त्याच्या मांडीवर आणून ठेवला.

"युक्ती आता तुलाही मोकळी आहे. मोडून दाखव माझा विक्रम."

"आणि नाही मोडला तर? म्हणतील, मुद्दाम हरला."

"मीही म्हणेन."

त्याला ठाऊक होतं, आपली बोटं तिच्यापेक्षा चपळ आहेत. तो खेळायला बसला. धक्क्यावर पोचताच त्याने तारीख बदलली, बोट आली, आणि तो तिच्या पुढे गेला. ती गुडघ्यांवर हनुवटी टेकवून पडद्यावरचे आकडे बघत होती.

"थांबू का?"

"खबरदार थांबलास तर."

तो जिंकला, चांगल्या फरकाने. गटातली तोंडं बंद झाली. "छान खेळलास," ती म्हणाली, आणि ते तिने मनापासून म्हटलं हेही त्याला कळलं.

आता ती कामावरून आली की आतल्या खोलीत एकटीच खेळते, कानांत इयरफोन घालून. दाराला कडी लावलेली नसते. तो चहाचे दोन कप घेऊन उंबऱ्यापर्यंत जातो, जरा वेळ उभा राहतो आणि तिचा कप बाहेरच्या स्टुलावर ठेवून परत फिरतो.