आमच्या बाजूची कडी

घर सोडायच्या आधीच्या रविवारी बाबा भिंतीतल्या भोकांमध्ये लांबी भरत होते, गुणगुणत होते, आणि माझ्या डोक्याचा नुसता भडका उडाला होता.

घरमालकांचा हुकूम होता, "घर होतं तसं करून द्या." झालं! बाबांनी माझ्या पुस्तकांची फळी काढली. आरशाचे खिळे उपटले. आईने हौसेने बसवून घेतलेला स्वयंपाकघरातला नळ काढला आणि तिथे मूळचा गळका नळ परत लावला. तो गळका नळ बाबांनी इतकी वर्षं माळ्यावर कागदात गुंडाळून जपून ठेवला होता. काय बोलायचं अशा माणसाला?

"बाबा, गळणारी वस्तू परत लावतात का कुणी?"

"त्यांची वस्तू आहे गं. गळो नाहीतर वाहो."

पण भडका नळाचा नव्हताच. तो होता मागच्या खोलीतल्या दाराचा. आमच्या दोन खोल्या आणि मालकांचं घर मुळात एकच, मधे हे एक दार. या खोलीत मी झोपते, अभ्यास करते, माझं सगळं जग इथेच. दाराला कडी आहे, पण त्यांच्या बाजूने. आमच्या बाजूला एक मूठ आणि गुळगुळीत लाकूड. म्हणजे त्यांना हवं तेव्हा ते येणार, आणि आम्ही "या, बसा" म्हणणार.

आणि यायचे हो! दिवा चालू राहिलाय का बघायला. भिंतीला ओल आहे का बघायला. काहीच नसलं तर "म्हटलं, काय चाललंय." आधी दार उघडायचे, आत यायचे, मग खोकायचे. खोकला आधी असतो, हे त्यांना जन्मात कुणी सांगितलं नसावं. आई आणि मी त्यांना आपसात खोकलेकाका म्हणायचो. लहान होते तोवर मला त्याची मजा वाटायची. मग मी मोठी झाले. आता शाळेचा गणवेश मी बाथरूममध्ये बदलते, ओल्या फरशीवर एका पायावर, बगळ्यासारखी. स्वतःच्या खोलीत मी कधी पाय पसरून, निवांत पडलेली नाही. सगळे म्हणतात, माणूस वाईट नाही. नसेल! पण माझं सगळं जगणं मी त्यांच्या चांगुलपणावर का टांगून ठेवू?

आईचा उपाय म्हणजे पडदा. ती लोकांचे पडदे शिवते. दरवर्षी आमच्या दारावरचा पडदा जाड होत गेला, शेवटचा तर सतरंजीच. पण पडद्याला कोण जुमानतं?

आणि बाबा? बाबा लिफ्ट दुरुस्त करतात. गावभरच्या लिफ्टची दारं त्यांच्या हाताखालून जातात. घरातल्या एका दाराला कडी लावा म्हटलं, की मात्र त्यांचं ठरलेलं असायचं, "आपल्या पडत्या काळात त्यांनी जागा दिली. उपकार विसरू नयेत."

तेही एक वेळ मी गिळलं असतं. पण शनिवारी नवीन भाडेकरीण जागा बघायला आली. नर्स आहे, रात्रपाळी असते. बरोबर तिची मुलगी, माझ्याहून बरीच लहान, वेणीचं टोक चावणारी. नर्सबाईंनी आईचा पडदा बाजूला केला, दारावर हात फिरवला आणि विचारलं, "हे आपल्या बाजूने बंद होतं ना? ही रात्री एकटी असते."

खोकलेकाका हसले. "अहो, इथे सगळं घरच्यासारखं आहे. विचारा यांना."

बाईंनी बाबांकडे पाहिलं. आणि माझे बाबा म्हणाले, "काही त्रास नाही हो."

काही त्रास नाही! मी तोंड उघडलं तर बाबांनी डोळे वटारले.

म्हणून रविवारी सकाळी मी हार्डवेअरच्या दुकानात गेले आणि स्वतःच्या खाऊच्या पैशांनी एक दणकट कडी आणली. बाबांचा स्क्रू-ड्रायव्हर उचलला, पडदा खेचून काढला आणि दारापुढे बसले. कडी दाराला लावून पाहिली, चौकटीला लावून पाहिली. जुळेचना. दार आत दबलेलं, चौकट पुढे आलेली. मी आडवी धरली, तिरकी धरली, दातओठ खाल्ले.

आई खोकी बांधता बांधता थांबली. "काय चाललंय?"

"घर होतं तसं करत नाहीये मी. घर असायला हवं होतं तसं करतेय!"

बाबा लांबीने माखलेल्या हातांनी धावत आले. "वेड लागलंय का? चार दिवस राहिलेत. जाता जाता तोंड कडू कशाला करायचं?"

"आपण जाणार, बाबा. ती मुलगी येणार. तिची आई रात्री कामावर असणार आणि तुम्ही सांगितलंत, काही त्रास नाही. मी या खोलीत कशी राहिले ते तुम्हाला दिसलं नाही? की दिसलं आणि तुम्ही गुणगुणत बसलात?"

"आवाज खाली."

"नाही करणार! ऐकू दे त्यांना. चोरून करायचं असतं तर ते देवळात गेल्यावर केलं असतं."

मी परत कडी चौकटीला भिडवली, हात घसरला, बोट सोलवटलं. तेवढ्यात बाबांच्या तोंडून निघालं, "अगं, दार तिकडे उघडतं. इथे ही कडी बसायची नाही."

"मग कुठे बसेल?"

"खाली. उभी लावायची, दांडी फरशीत—" आणि बाबांनी जीभ चावली. पण बाण सुटला होता.

आई उठली. बांधलेलं खोकं तिने टराटरा फाडलं आणि त्यातून ड्रिल मशीन काढून बाबांपुढे धरलं. "अहो, तुम्ही पाडता भोक की मी पाडू? मी पाडलं तर ते शेजारच्या घरात निघेल."

बाबांनी खिशातून पेन्सिल काढून फरशीवर फुली मारली. मला म्हणाले, "सरळ धर. अंग टाकू नकोस. दात घासतेस तेवढाच जोर."

काय आवाज झाला म्हणून सांगू! दोन्ही घरं हादरली. भोक पडलं, कडी दाराच्या तळाशी बसली, शेवटचा स्क्रू मी आवळत होते आणि दार तिकडे उघडलं. वर पाहिलं तर काका.

"हा काय तमाशा? होतं तसं करून द्या म्हटलं होतं ना?"

माझ्या तोंडात उत्तरांची रांग लागली होती, पण बाबाच उठले. "काल त्या बाईंशी मी खोटं बोललो, काका. ते दुरुस्त करतोय."

"उपकार विसरलात!"

"नाही विसरलो. म्हणून तर पोरीला इतकी वर्षं असं ठेवलं."

"काढून फेकून देईन मी हे!"

"जरा मागे सरा," मी म्हटलं, मूठ धरली आणि दार खेचलं. दांडी खाली पाडली. खट्! पलीकडून एक हिसका आला, मग दुसरा. दार हललं नाही. त्या खोलीत मला पहिल्यांदा पोटभर श्वास आला.

थोड्याच वेळात पुढच्या दाराची बेल वाजली. काका रस्त्याने वळसा घालून आले होते, घरातल्या सपाता घालून, लालबुंद. मी दारातच उभी राहिले.

"काय काम आहे?"

"काम? माझं घर आहे हे!"

"ते माहीत आहे. काम काय आहे?"

तेवढ्यात मागून नर्सबाई आल्या, दोन पिशव्या आणि लेक घेऊन. थोडं सामान आधी ठेवायला आल्या होत्या. मी काकांच्या खांद्यावरून ओरडले, "मागच्या दाराला आपल्या बाजूने कडी बसवलीय!"

बाईंचा चेहरा असा सैल पडला! त्या वळून काकांना म्हणाल्या, "बसवून घेतलीत? फार बरं केलंत हो. मी रात्रभर त्याच विचारात होते, येऊ की नको."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. बाईंकडे पाहिलं. घसा साफ केला. "आता... मुलगी आहे म्हटल्यावर, एवढं तर करायलाच हवं."

करायलाच हवं! या माणसाने! माझ्या बोटाचं रक्त अजून वाहत होतं! मी तोंड उघडलं. आईने मागून माझी वेणी धरली, हलकेच नाही, चांगली घट्ट. आणि मला कळलं. आता हे मोठेपण त्यांनी चारचौघांत घेतलं. आता ती कडी ते स्वतः काढू शकत नाहीत.

मी दात इतके आवळले, की कान दुखले. ती छोटी केव्हाच माझ्या बगलेखालून आत घुसली होती. मागच्या खोलीतून कडीचा आवाज येत होता, वर, खाली, वर, खाली. काका बाईंना अजून भाडेकरूंच्या सुखाबद्दल काहीतरी ऐकवत होते.

"जोरात दाब गं," मी आत बघून ओरडले, "नवीन आहे, टेकेपर्यंत दाब!"