कड्यावरचं फाटक

सोआझिगने साखळी दोन्ही हातांनी धरून ओढून पाहिली. नवी कोरी, बोटाएवढ्या जाड कड्यांची. फाटकावर फळी ठोकली होती : खासगी जागा, प्रवेश बंद. तिने पाठीवरची पिशवी गवतात उतरवली आणि आतून लोखंड कापायची लांब दांड्यांची कात्री बाहेर काढली.

"अरे देवा," गास्तों म्हणाला, "मी समजत होतो, पिशवीत जेवण आहे."

"जेवण तळाशी आहे. आधी वाट."

गास्तों आणि त्याची बायको लुसेट लील शहरातून आले होते. दोघंही सत्तरी ओलांडलेले. चार दिवस प्लूवेनाल गावात मुक्काम, आणि लुसेटचा एकच हट्ट : खाडीतल्या खडकांवर येणारे सील हे समुद्री प्राणी पाहायचे. तिथे उतरायला किनाऱ्यालगतची ही एवढी एकच पायवाट होती. सोआझिगने तेहतीस वर्षं या गावात टपाल वाटलं होतं. निवृत्त झाल्यापासून उन्हाळ्यात दर शनिवारी ती पाहुण्यांना चर्चच्या चौकातून दीपस्तंभाकडे आणि तिथून खाडीवर न्यायची. गेले पाच शनिवार मात्र ती या फाटकापासून परत फिरली होती. मेअरच्या कचेरीत तिने तीन पत्रं दिली. तिन्ही वेळा उत्तर एकच, पाहू.

काल बेकरीतल्या रांगेत ती सगळ्यांदेखत म्हणाली होती, "त्या पॅरिसवालीला वाटतंय, घराबरोबर समुद्रही विकत घेतला. उद्या दाखवते तिला." सगळे हसले होते. आता माघार घ्यायची सोय नव्हती.

तिने कात्रीचं तोंड कडीवर बसवलं.

"थांबा!"

फाटकापलीकडच्या घराच्या बाजूने एक बाई भराभरा येत होती. घरातल्या सपाता, मातीने माखलेले हात. मादाम व्हेर्दिए. सहा वर्षांपूर्वी तिने हे घर घेतलं होतं. सोआझिग तिच्याशी आज पहिल्यांदाच बोलत होती.

"किनाऱ्यावरून जायचा हक्क सगळ्यांचा आहे, मादाम," सोआझिग म्हणाली. कात्री तिने खाली घेतली नाही. "माझी आजी इथून शिंपले वेचायला जायची."

"माहीत आहे."

"मग उघडा."

"उघडते. पण आधी माझ्यामागून या. तिघंही. आणि मी थांबेन तिथेच थांबा."

ती त्यांना घराच्या बाजूने आत घेऊन गेली. बागेच्या टोकाला, निळ्या फुलांनी भरलेल्या हायड्रेंजियाच्या झुडपांच्या कुंपणाशी थांबली आणि हाताने फांद्या बाजूला केल्या. पायवाट तिथून साफ दिसत होती. वळणापर्यंत शाबूत, हिरवीगार. वळणाच्या पलीकडेही गवत होतं, पण त्याच्याखाली काही नव्हतं. माती ढासळून गेली होती आणि गवताची नुसती साय हवेत लोंबत होती. तिच्या फटीतून खालचं पाणी दिसत होतं, पांढरं, उसळणारं.

लुसेटने नवऱ्याची बाही घट्ट धरली.

"फेब्रुवारीतल्या वादळात गेलं," मादाम व्हेर्दिए म्हणाली. "वाटेवरून येणाऱ्याला कळतच नाही. मी पाटी लावली, लोक पाटीला वळसा घालून जायचे. मग दोरी बांधली. ती कुणीतरी कापली. तेव्हा हे फाटक बसवलं."

वाऱ्याने सोआझिगचे पांढरे केस डोळ्यांवर आले, ते तिने मागे सारले नाहीत.

"दोरी मी कापली," ती म्हणाली. "कापली आणि पाऊस आला म्हणून तशीच घरी गेले."

तिने हातातली कात्री गवतात ठेवली.

"गावात सांगायचं होतंत," मग ती म्हणाली. आवाज पुन्हा टपालवालीचा झाला होता.

"कुणाला सांगू? मेअरच्या कचेरीत दोन पत्रं दिली. म्हणाले, पाहू. आणि बेकरीत मी पाऊल टाकलं की सगळ्यांची तोंडं मिटतात."

सोआझिगने मान खाली घातली. मग ती कुंपणाच्या कडेने चालू लागली, लांब ढांगा टाकत, पावलं मोजत. एकोणीस पावलांवर थांबून तिने टाच मातीत रोवली.

"खाडीची वाट बंद राहणार नाही, मादाम. पण तिथून नाही जायची. ती इथून जाईल. या झाडांमधून, त्या सफरचंदाच्या झाडामागून, आणि खालच्या दगडांवर उतरेल."

"म्हणजे माझ्या जेवणाच्या टेबलाला खेटून?"

"चार पावलं सोडून."

"रोज परकी माणसं माझ्या ताटात डोकावणार."

"शनिवारी जास्त," सोआझिग म्हणाली. "पाटी मी रंगवेन, झाडंही मी हलवेन. ऑक्टोबरमध्ये हलवली तर जगतात. मेअरच्या कचेरीत सोमवारी आपण दोघी जाऊ. तो मला एकटीला टाळू शकतो. तुम्हालाही. दोघींना कसा टाळतो तेच बघते."

मादाम व्हेर्दिएने निळ्या फुलांकडे पाहिलं. नखांतली माती तिने अंगठ्याने काढली.

"आम्ही कुणाच्या ताटात बघत नाही हं," लुसेट हळूच म्हणाली. "आम्हाला फक्त सील बघायचेत."

"हा बघेल," गास्तोंकडे बोट दाखवून सोआझिग म्हणाली. "सकाळपासून जेवणाचीच चौकशी चाललीय."

मादाम व्हेर्दिएच्या ओठांचा कोपरा हलला. "सील खरंच येतात का तिथे?"

सोआझिगने वळून तिच्याकडे पाहिलं. "तुम्ही पाहिले नाहीत?"

"एकटीने उतरायची हिंमत होत नाही. आणि बरोबर येणार कोण?"

"सहा वर्षांत एकदाही नाही?"

मादाम व्हेर्दिएने नकारार्थी मान हलवली.

सोआझिगने घड्याळ पाहिलं. मग समुद्राकडे पाहिलं. पाणी खडकांवरून ओसरायला लागलं होतं. तिने मादाम व्हेर्दिएच्या सपातांकडे नजर टाकली आणि भुवया आक्रसल्या.

"या असल्या चालायच्या नाहीत. जाडे मोजे आणि बूट घालून या, सफरचंदाच्या मागून उतरायचंय. लवकर. ओहोटी आपल्यासाठी थांबणार नाही."